जलपर्णी काढली, सांडपाण्याचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तलावातून किती टन जलपर्णी काढली याचे आकडे वेळोवेळी जाहीर होतात. ती वर्षभरात परत का फोफावते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. जलपर्णीचे एक रोप उपटून पाहिले तरी बरेच काही कळते. हवेने फुगलेले देठ तिला तरंगत ठेवतात, पिसांसारखी काळसर मुळे पाण्यातले नत्र आणि स्फुरद शोषतात आणि आडव्या खोडाच्या टोकाला पुढचे रोप तयारच असते. अनुकूल हवामानात एक-दोन आठवड्यांत वाढ दुप्पट होते. बिया तळाच्या गाळात अनेक वर्षे टिकतात आणि पाणी ओसरून ओला गाळ उघडा पडला की रुजतात.

म्हणून प्रक्रिया न केलेले सांडपाणी तलावात येतच राहणार असेल, तर यंत्राने केलेली सफाई तात्पुरतीच ठरते. किंबहुना जलपर्णी हटल्यावर ऊन आणि पोषकद्रव्ये दोन्ही मोकळी होतात व तिच्या जागी शेवाळाचा हिरवा थर येऊ शकतो. काढलेला ढीग काठावरच कुजू दिला, तर पावसाबरोबर तीच द्रव्ये पुन्हा पाण्यात उतरतात. ढीग लांब नेणे ही कामाच्या निविदेतली सक्तीची अट असायला हवी. संपूर्ण तलावावर एकाच वेळी तणनाशक फवारणे तर मला धोक्याचेच वाटते, कारण एकदम कुजणारा पाला पाण्यातला प्राणवायू संपवतो आणि मासे मरतात.

जैविक नियंत्रणाला मात्र गांभीर्याने घ्यावे. ऑस्ट्रेलियातील मूनडॅरा तलावात १९८० साली साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्यावर ब्राझीलमधले इवलेसे भुंगेरे सोडले आणि साधारण वर्षभरात तो बहुतांशी नाहीसा झाला. जलपर्णीवर जगणारे नीओकेटिना भुंगेरेही अनेक देशांत वापरले जातात. त्यांना जम बसवायला वेळ लागतो आणि मध्येच सगळी जलपर्णी उचलली किंवा फवारली, तर तेही तिच्याबरोबर जातात. त्यामुळे यंत्र कुठे चालवायचे आणि भुंगेऱ्यांसाठी कोणता भाग राखायचा, हे आधीच ठरवावे लागते.

पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींची गोष्ट वेगळी. हायड्रिलाचा लहानसा तुकडाही नव्याने रुजतो, त्यामुळे निष्काळजी कापणीने ती पसरतेच. अमेरिकेतील फ्लोरिडात ती १९५०च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून पोहोचली. मत्स्यालयातील झाडे तलावात टाकण्यावर बंदी घालावी आणि तशी सूचना विक्रीच्या पिशवीवरच छापणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक वाचक