लूलकंदूराच्या मळ्यातल्या बायकांचे आभार

जेम्स टेलर यांनी 1867 मध्ये श्रीलंकेतली चहाची पहिली व्यापारी लागवड केली, तो लूलकंदूरा मळा आणि त्यांचं दगडी आसन बघायची आईची फार इच्छा होती. बघून उतरताना पावसाने निसरड्या झालेल्या वाटेवर तिचा पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला. गाडी बरीच खाली, फोनला रेंज नाही.

वरच्या ओळीत पानं खुडणाऱ्या तिघी हातातलं काम टाकून धावत आल्या. एकीने डोक्याचं फडकं सोडून घोटा घट्ट बांधला. दोघींनी हात गुंफून आईला उचललं आणि लाइनीतल्या आपल्या खोलीत नेलं. लाइनी म्हणजे तमिळ मजुरांसाठी इंग्रजांच्या काळात बांधलेल्या चाळी. जुन्या साहेबी बंगल्यांत पर्यटक राहतात, लाइनीत सहसा कोणी डोकावत नाही.

आतल्या एकुलत्या पलंगावर त्यांनी आईला निजवलं, आल्याचा कोरा चहा दिला. लाइनीतल्या एकाने रस्त्यापर्यंत पळत जाऊन 1990 या फोन नंबरवरची मोफत अँब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत थोरल्या बाईंनी आईचा पाय स्वतःच्या मांडीवर धरून ठेवला होता. भाषा एकमेकींची कळत नव्हती, तरी आई त्यांच्याशी मराठीत बोलत राहिली आणि त्या मान डोलवत राहिल्या.

दिवसाचं ठरलेलं वजन भरलं नाही तर मळ्यात मजुरी कापतात, हे मला नंतर समजलं. पैसे देऊ केले तेव्हा तिघींनीही हात मागे घेतले होते. अम्मा, तुमची नावंही विचारायची राहिली. आई आता बरी आहे, चालते. तुमचे मनापासून आभार.