वाळूच्या पेटीजवळच्या मुलीला

चिरंजीव मुली,

तुझ्या गळ्यातला बिल्ला सारखा उलटा फिरत होता, त्यामुळे नाव काही वाचता आलं नाही. आजी नाशिकची, एवढंच कळलं. म्हणून हे पत्र असं उघड्यावर टाकतेय. कुणीतरी तुझ्या आजीपर्यंत पोचवेल आणि त्या तुला वाचून दाखवतील.

अमेरिकेतल्या बर्कलीच्या टेकडीवरचं लॉरेन्स हॉल ऑफ सायन्स हे विज्ञान संग्रहालय, शनिवारची दुपार. वाळूच्या पेटीभोवती पोरांची झुंबड आणि मी मागे सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत उभी. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ (एआर), म्हणजे खऱ्या वस्तूंवर संगणकाचं चित्र चढवायचं, असं म्हटल्यावर मी पुढे सरकलेच नव्हते. आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका संग्रहालयात टॅबलेटमधून डायनासोर बघायचा कार्यक्रम झाला होता. नातवाला डायनासोर दिसला, मला नातवाची पाठ.

मग सहज पेटीत डोकावले. एक पोरगं वाळूचा ढीग रचत होतं आणि त्या ढिगाभोवती रेषा सरकत होत्या. चढ वाढला की रेषा दाटायच्या, हाताने थोपटून सपाट केलं की पांगायच्या. माथा पांढरा, उतार हिरवा, खड्ड्यात निळं. “अगं बाई, समोच्च रेषा!” सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या नकाशातल्या रेषा समोर बघून मी मोठ्यानेच बोलले आणि तू वळलीस. “आजी, तू मराठी?”

बाई गं, मी वाईजवळच्या शाळेत 31 वर्षं भूगोल शिकवला. समोच्च रेषांसाठी माझ्याकडे साधनं दोन: अर्धा कापलेला बटाटा आणि सर्व्हे ऑफ इंडियाचा स्थलनिर्देशक नकाशा. 1:50,000 प्रमाण, दोन रेषांत 20 मीटर उंचीचा फरक. बटाट्यापर्यंत सगळं वर्गाला कळायचं. नकाशा उघडला की निम्म्या पोरांना दरी ही डोंगराची सोंड वाटायची आणि सोंड ही दरी. दोष त्यांचा नव्हता. सपाट कागदावर चढ बघायला सांगत होते मी.

तू पोरांना बाजूला सारलंस, माझे गुडघे ओळखून कुठूनसं स्टूल आणलंस आणि माझ्या हातात फावडी दिलीस. मी महाबळेश्वर केलं. एका बाजूला कोकणाकडचा सरळ कडा, दुसऱ्या बाजूला लांबलचक उतार. “आता पाऊस कर ना, आजी,” म्हणालीस. बोटं फाकवून हात वर धरला आणि तळव्याखाली निळं पाणी कोसळायला लागलं. डोंगराच्या धारेवर पडलेलं पाणी दुभंगलं. थोडं कड्यावरून सावित्रीसारखं झपकन खाली गेलं, बाकीचं वळणं घेत कृष्णेच्या वाटेने निघालं. पश्चिमेचा समुद्र साधारण 65 किलोमीटरवर असताना कृष्णा पूर्वेला 1,400 किलोमीटर का जाते, हे मी दरवर्षी फळ्यावर बाण काढून सांगायचे. जलविभाजक, म्हणजे पाणी दोन दिशांना वाटणारी डोंगराची धार. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न.

तेवढ्यात माझा पदर पेटीत पडला आणि क्षणभराने त्याच्यावरही रेषा उमटल्या! इरकलीवर हिमशिखर. तू हसून लोळायची बाकी होतीस, पण त्यातूनच मला यंत्र समजावलंस. वर टांगलेला किनेक्ट नावाचा कॅमेरा वाळूचं अंतर सतत मोजतो, संगणक त्यावरून उंची काढतो आणि प्रोजेक्टर रंग टाकतो. हलणारे हात तो सोडून देतो, पण एका जागी थांबलेली वस्तू त्याला जमीनच वाटते. व्हिडिओ गेमसाठी काढलेला कॅमेरा आणि तो असा भूगोलाच्या कामी आलेला. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या ऑलिव्हर क्रेलॉस यांनी यातली संगणकप्रणाली लिहिली आणि ती कुणालाही फुकट वापरता येते, हे तू सांगितलंस तेव्हा मी स्टुलावरून उठलेच.

या साऱ्यात चष्मा नाही, मोबाइल नाही. दहा जणांचे हात एकाच वाळूत आणि सगळ्यांना तेच दिसतंय. एआर म्हणतात ते हेच असेल तर माझी काही तक्रार नाही.

रांगेतले लोक चुळबुळत असताना तू पंधरा-वीस मिनिटं माझ्यासाठी दिलीस. पेटी 40 इंच लांब, 30 इंच रुंद, कॅमेरा वाळूपासून 40 इंच वर, वाळू साधारण 90 किलो, असं सगळं एका कागदावर लिहूनही दिलंस. ‘वाळू’ मराठीत लिहायचा हट्ट धरलास आणि ‘वाळु’ लिहिलंस. दुरुस्त केलेलं नाही. कागद तसाच ठेवलाय.

इकडची खबर अशी की तशीच पेटी आता आम्ही करतोय आणि शाळेतल्या जुन्या प्रोजेक्टरमध्ये अजून जीव आहे. किनेक्टचं उत्पादन 2017 मध्येच थांबलं, पण एका माजी विद्यार्थ्याच्या माळ्यावर एक निघाला. वाळूच तेवढी अडलीय. घर कृष्णाकाठी असलं तरी आमच्याकडे हल्ली कॅमेऱ्यापेक्षा वाळू दुर्मीळ! सुतारांनी मात्र फळ्या कापायला घेतल्यात. परवा विचारत होते, “बाई, पाय किती उंच ठेवू?” म्हटलं, पाचवीतल्या पोराच्या कमरेएवढे. आणि शेजारी एक स्टूल.

तुझी,
पदरवाली आजी, वाई