लखपती ठरवताना खर्च कोण वजा करणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात जिल्ह्याच्या पानावर लखपती दीदींची, म्हणजे सरकारी योजनेत घरचं वर्षाचं उत्पन्न लाख किंवा त्याहून जास्त दाखवलेल्या बचत गटातल्या बायांची, बातमी वाचली. फोटोत डावीकडून दुसरी उभी आहे ती आमच्याच बचत गटातली. मी त्या गटाची सचिव आहे, प्रोसिडिंग मीच लिहिते, म्हणून राहवलं नाही.

तुम्ही तिचं वर्षाचं उत्पन्न 1 लाख 6 हजार छापलंय. हा आकडा कसा झाला ते मी शेजारी बसून बघितलंय. फॉर्म भरायला आलेल्या मॅडमनी विचारलं सोयाबीन किती झालं, ती म्हणाली 10 क्विंटल, 4 हजार भाव धरून लिहिले 40 हजार. डेअरीला घातलेल्या दुधाचे 48 हजार, उन्हाळ्यात विकलेल्या पापडाचे 18 हजार, झाली बेरीज. बियाणं, खत, फवारणी, काढणी, म्हशीची पेंड, कडबा, उडदाची डाळ, तेल, पापडखार यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. मी म्हटलं मॅडम खर्च कुठं लिहायचा, तर म्हणाल्या आज अपलोड करायचंय, वरून फोन येतायत. खर्च काढला तर तिच्याकडे निम्मेसुद्धा उरत नाहीत, आणि त्यातून पोराची कॉलेजची फी जाते. बरं, लखपती दीदीसाठी सरकारनेच ठरवलंय की उत्पन्न निदान चार हंगाम टिकायला पाहिजे आणि महिन्याची सरासरी 10 हजारांच्या वर पाहिजे. तुम्ही छापलेलाच आकडा 12ने भागून बघा, 9 हजारसुद्धा होत नाही. एवढा हिशोब बातमीदाराने का केला नाही?

पेपर आल्यापासून ती बिचारी घाबरलीय. गावात कुणीतरी तिला सांगितलं की आता तुझं रेशन बंद होणार. खेड्यात प्राधान्य कुटुंबाच्या, म्हणजे स्वस्त धान्य मिळणाऱ्या, कार्डाला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा 44 हजार आहे आणि तुम्ही तर तिचा फोटो लाखाच्या आकड्यासकट छापलाय. काल संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन रडली. तिची समजूत मी कशी घालायची ते तुम्हीच सांगा.

गटाने काही झालं नाही असं मी अजिबात म्हणत नाही, उलट खूप झालं. तिच्या सासऱ्यांना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा आम्ही तिजोरीतले पैसे काढून तिच्या हातात दिले, महिन्याला शेकडा 2 रुपये व्याजाने, आणि ते व्याजही आमच्याच गटात राहिलं. आधी तिला सावकाराकडे शेकडा 5 ने जावं लागायचं आणि वर चार शब्द ऐकून घ्यावे लागायचे. ते तिने तुमच्या बातमीदाराला सांगितलं होतं, मी तिथंच होते. त्यातलं एक अक्षर छापलं नाही. गरिबीतून माणूस असा हळूहळू वर येतो हो, एकदम लखपती होत नाही! आणि याच बाया गटाचं कर्ज पुरत नाही म्हणून फायनान्सवाल्यांचे हप्ते पण भरतायत, ते तुमच्या पानावर कधी येणार?

आता लिहायलाच बसलेय तर बँकेचंही लिहिते. आमच्या शाखेत गटाला कर्ज देताना आमच्या बचत खात्यातले पैसे अडकवून ठेवलेत, काढू देत नाहीत. बचत गटाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घ्यायचं नाही आणि बचत खात्यावर बोजा टाकायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. मी ते मोबाईलवर दाखवलं तर साहेब म्हणाले आमच्याकडे असं काही आलेलं नाही. म्हणजे अडीनडीला देण्यासाठी साठवलेले पैसे आमचेच आणि ते आम्हालाच मिळत नाहीत. यावर बातमी करा, खातेपुस्तक आणि सगळे कागद मी दाखवते. आमची बैठक दर मंगळवारी दुपारी असते, बातमीदाराला तेव्हा पाठवा आणि त्या 1 लाख 6 हजारांची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा.

कळावे,
बचत गटाची एक सचिव
ता. औसा, जि. लातूर