तिथी बघून तिकीट काढ

दादर, मुंबई

चि. सौ. ऋतुजा हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. अमेयरावांनाही आशीर्वाद सांग.

लग्नानंतर तुम्हा दोघांना पहिल्यांदाच सलग रजा मिळते आहे आणि तुम्ही अंदमान ठरवलंत, हे फार बरं केलंत. टूरवाल्याने दिलेला पाच रात्रींचा कार्यक्रम दोनदा वाचला. पैसे भरायच्या आधी थांब. पोर्ट ब्लेअर, बाराटांग, हॅवलॉक, नील, स्कूबा, कँडललाइट डिनर, सगळं कागदावर बसवलंय खरं, पण समुद्राला कुणी विचारलेलंच दिसत नाही. बेटावरच्या सहलीत हॉटेल शेवटी येतं. आधी चंद्र, मग भरती-ओहोटी, मग बोट.

पहिली मोठी चूक शेवटच्या दिवशी आहे. सकाळी नीलहून बोट आणि त्याच दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि त्याची कल्पना कधी कधी त्याच सकाळी येते. बोटीचे पैसे परत मिळतील, विमानाचे नाही. म्हणून विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. याला अपवाद करू नको. (२०२४ पासून त्या शहराचं नाव श्री विजयपुरम आहे आणि हॅवलॉक-नील ही २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली आहेत. तिकिटावर यातलं कुठलंही नाव दिसलं तर गोंधळू नको.)

दुसरी चूक स्कूबाची. तो परतीच्या आदल्या संध्याकाळी ठेवलाय. पाण्याखाली दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत जास्त विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला हवा. त्याआधीच विमानात बसलं तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात, सोडा वॉटरचं झाकण उघडल्यावर होतात तसे. सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. एकच उथळ डाइव्ह असेल तरी बारा तास, जास्त असतील तर अठरा तास थांबायचं असा नियम आहे. तू सरळ चोवीस तास धर. त्यापेक्षा सोपं म्हणजे हॅवलॉकला पोचल्याच्या दुसऱ्या सकाळीच डाइव्ह उरकायचा.

आता तारखा. पंचांग घे आणि माघातली अमावास्या बघ. महाशिवरात्र तिच्या एक-दोन दिवस आधी, चतुर्दशीला येते, म्हणजे ती कामाच्या वारी आली तर तुमची एक रजाही वाचेल. त्या दिवसांत समुद्र शांत असतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात तिथे नैऋत्य मोसमी पाऊस पोचतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं होतात. मधले जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचे दिवस चांगले.

अमावास्याच का, तर दोन कारणांसाठी. हॅवलॉकला काळोख्या रात्री कयाकमधून नेतात. वल्हं पाण्यात बुडवलं की सूक्ष्म जीवांमुळे निळसर उजेड पेटतो. पौर्णिमेला पाणी तेच असतं, पण चांदण्यात ते दिसत नाही. दुसरं कारण नीलचा नैसर्गिक दगडी पूल. लक्ष्मणपूरच्या दोन नंबरच्या किनाऱ्यावर तो आहे, तिथले लोक त्याला हावडा ब्रिज म्हणतात. तिथपर्यंत फक्त ओहोटीतच चालत जाता येतं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी फार मागे हटत नाही. अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाण असतं, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल, त्यामुळे दगड उघडे पडतात. स्कूबाला खरं तर भांगाचं पाणी बरं, कारण ओढ कमी आणि गढूळपणा कमी. पण नवशिक्यांना बारा मीटरपलीकडे नेतच नाहीत, त्यामुळे तुम्हाला तेवढा फरक पडायचा नाही. मी अमावास्याच निवडीन.

तुझ्या सासूबाई अमावास्येला प्रवास नको म्हणतील. त्यांचं मन मोडायची गरज नाही. तुम्ही निघायचं द्वादशीला. द्वादशीची रात्र पोर्ट ब्लेअर. त्रयोदशी, चतुर्दशी, अमावास्या या तीन रात्री हॅवलॉक. प्रतिपदेला नील. द्वितीयेला परत पोर्ट ब्लेअर, तृतीयेला विमान. सहा रात्री झाल्या. सातवी मिळाली तर ती नीललाच घाल, म्हणजे द्वितीयेची चंद्रकोर लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर सूर्य बुडाल्यावर दिसेल. ती बघायला मोजून पाऊण-एक तास मिळतो, तेव्हा अंधार पडला म्हणून लगेच उठू नका.

एक लक्षात ठेव, आपल्या कोकणातलं तिथीला तीनने गुणून चारने भागायचं भरतीचं गणित तिथे चालत नाही. ते या किनाऱ्यापुरतं. तुमच्या तारखांसाठी पोर्ट ब्लेअरचं भरतीचं वेळापत्रक इंटरनेटवर बघ आणि हॉटेलमध्येही विचार. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पुलाकडे जायचं तर ओहोटीच्या तळाच्या तासभर आधी पोचायचं, पाणी फिरलं की लगेच निघायचं. शेवाळलेल्या दगडांवरून आणि मेलेल्या प्रवाळांवरून चालावं लागतं, चपलेने पाय कापतो. रबरी तळाचे, पाण्यात घालायचे बूट दोघांसाठी इथूनच घेऊन जा.

याच भरती-ओहोटीमुळे खोलीचे फोटो फसवतात. हॅवलॉकची बहुतेक हॉटेलं पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर आणि विजयनगरला आहेत. फोटो भरतीचा असतो, निळं पाणी पायरीशी. ओहोटीत तेच पाणी दूर जातं आणि मधे खडक आणि प्रवाळ उरतात, पोहता येत नाही. तिथून सूर्योदय सुरेख दिसतो, ते मात्र खरं. पोहायला आणि सूर्यास्ताला पश्चिमेचा राधानगर, मऊ वाळूचा आणि लांबच लांब. तिथेही जीवरक्षकांनी आखलेल्या हद्दीतच पाण्यात उतरा. खाड्या आणि खारफुटीच्या बाजूला मगरींच्या इशाऱ्याचे फलक असतात, ते शोभेचे नाहीत.

आपलं घड्याळ आणि अंदमानचं घड्याळ एकच, पण ती बेटं मुंबईच्या सुमारे वीस अंश पूर्वेला आहेत. म्हणून सूर्य तिथे सव्वा तासाहून थोडा आधीच उगवतो आणि मावळतो. माघात साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त. मुंबईच्या सवयीने पाचला चहा घेऊन निघालात तर राधानगरला अंधारच भेटेल. चारला तिथे हजर राहा. बऱ्याच हॉटेलांत खोली सोडायची वेळही सकाळी आठच्या आसपास असते, कारण सगळं बोटींच्या वेळेवर चालतं. बुकिंग करताना ही वेळ विचारूनच घे.

बाराटांगला तर पूर्ण काट मार. पहाटे तीन-चारला उठायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यासाठी थांबायचं, दिवसभर रस्ता. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे थांबणं आणि फोटो काढणं गुन्हा आहेच, पण कुणाच्या घरातून असं ताफ्याने जायचं हेच मला पटत नाही. वाचलेला दिवस हॅवलॉकला रिकामा ठेवा. खरंच रिकामा, त्यात एलिफंट बीचची बोट घुसवू नका, ती दुसऱ्या दिवशी घाला.

पोर्ट ब्लेअरला पोचलात त्या दुपारी सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेली ती इमारत, सात पाकळ्यांपैकी आता तीनच उरल्या आहेत. तात्याराव सावरकर तिथे १९११ ते १९२१ होते, हे तुला सांगायला नको. मधुचंद्राला तुरुंग कशाला, असं कुणी म्हटलं तरी जा. कुठल्या वारी बंद असतं ते आधी बघ. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं आधी काढावी लागतात.

विमानाचं. मुंबईहून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला बदलावं लागतं. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घे. शेदोनशे रुपये वाचतात म्हणून वेगवेगळी तिकिटं काढलीस आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसरं चुकण्याची जबाबदारी कुणी घेत नाही, बॅगाही मधे उतरवून परत द्याव्या लागतात. मुंबईचं टर्मिनल एक की दोन, ते तिकिटावर नीट बघ. पोर्ट ब्लेअरला दुपारच्या आत उतरेल असं विमान निवड.

खासगी कॅटामरान हॅवलॉकला दीड-दोन तासांत पोचते, पण बंद वातानुकूलित डब्यात बसावं लागतं. सरकारी बोट हळू, पण तिच्या डेकवर वारा लागतो. तुला घाटात मळमळतं, तेव्हा खालच्या मजल्यावर मधली जागा घे, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून बोट सुटायच्या तासभर आधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. पोट अगदी रिकामं ठेवू नको. दोघांनी आधारची मूळ प्रत जवळ ठेवा, तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळायला हवं. लग्नानंतर तू नाव बदललंस आणि आधार जुनंच आहे, तर तिकीट जुन्या नावानेच काढ.

डाइव्हच्या दिवशी सर्दी असेल तर सरळ पुढे ढकला. चोंदलेलं नाक औषधाने मोकळं करून खाली जायचं नाही. औषधाचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना कानात हवा अडकते. खाली जाताना पहिल्या अर्ध्या मीटरपासूनच नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं, कान दुखायची वाट बघायची नाही. अमेयरावांना सांग, मिशीमुळे मास्क नीट बसत नाही आणि पाणी आत येतं. थोडं व्हॅसलिन लावलं तर चालतं. वैद्यकीय फॉर्मवर दम्याचा रकाना असतो, तिथे खरं लिहायचं.

पाळीच्या तारखा मधे येत असतील तर पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नको, डॉक्टरांकडे जा. पाळीत पाण्यात उतरायला हरकत नसते, कप वापरायची सवय आधी दोन महिने घरी कर.

संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूमाश्या चावतात आणि खाज आठवडाभर जात नाही. पायांना खोबरेल तेल जाड लावलं की त्या चिकटतात, सहसा चावत नाहीत. कँडललाइट डिनर वाळूवर असेल तर टेबल भरतीच्या रेषेच्या किती वर मांडणार, वारा असेल तर काय, हे आधी विचार. पॅकेजमधल्या केकपेक्षा हे महत्त्वाचं.

नेटवर्क गेलं की यूपीआय बंद पडतं, म्हणून बारा-पंधरा हजार रोख ठेव, निम्मे अमेयरावांकडे. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा किंवा शंख उचलून बॅगेत टाकू नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली प्रवाळ संरक्षित आहेत आणि विमानतळावर बॅग उघडायला लावतात.

अमेयरावांनी मालदीवचा विषय काढला होता म्हणालीस. तीन-चारच रात्री असतील आणि काहीच करायचं नसेल तर ते चांगलं. मात्र रिसॉर्टचा दर ऐकून हुरळू नका. विमानतळावरून बेटापर्यंतचं भाडं, सेवा शुल्क आणि कर धरून दोघांचा आकडा लेखी मागा. सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, संध्याकाळी उतरलात तर एक रात्र माले भागात जाते. दारूची बाटली नेलीत तर विमानतळावरच काढून घेतात. आठवडा असेल तर माझं मत अंदमानलाच.

आता क्रम असा. तुमच्या रजेच्या तारखा कळव, मी तिथ्या लावून देते. मग विमान. बोटींचं बुकिंग उघडलं की दोन बेटांमधल्या तिन्ही फेऱ्या सकाळच्या. त्या पक्क्या झाल्यावर हॉटेलं, आणि तीही रद्द केली तर पैसे परत मिळतील अशी. टूरवाल्याला गुरुवारपर्यंत थांबायला सांग.

तुझी,
आई