भांडण किती वाजता झालं?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या शिस्तीवर आलेला लेख वाचला. लेख वाईट नव्हता. मुलांशी शांतपणे बोला, नियम आधी ठरवा, आईबाबांनी एकच भूमिका घ्या, यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण लेखभर 'मुलं' हा एकच शब्द. दोन वर्षांचं तेही मूल आणि चौदा वर्षांचं तेही मूल. औषधाच्या बाटलीवरसुद्धा वयाप्रमाणे मात्रा छापलेली असते, मग उपदेशाच्या बाटलीवर का नसावी? एवढ्या एका प्रश्नापायी हे पत्र लिहायला बसले.

मी हिशेबनीस आहे. १८ वर्षं दुसऱ्यांच्या खतावण्या जुळवण्यात गेली, त्यामुळे घरात काही जुळेनासं झालं की हात आपोआप वहीकडे जातो. घरात आम्ही पाच जण. मी, नवरा, सासूबाई, १३ वर्षांची थोरली आणि साडेपाच वर्षांचा धाकटा. काही महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी धाकट्याने ताईच्या लाल पेनाला निळ्या पेनाचं टोपण लावलं. बस्स, एवढंच. त्यावरून ती किंचाळली, तो रडला, मी दोघांवर ओरडले, सासूबाई माझ्यावर वैतागल्या, आणि तेवढ्यात दारात आलेला नवरा 'मी जरा खालून येतो' म्हणून आल्या पावली परतला. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला हसूही येईना आणि झोपही येईना. एका टोपणाची एवढी किंमत कशी झाली?

दुसऱ्या दिवशी जुनी वही काढून रकाने आखले: तारीख, वेळ, कोणाकोणात, कशावरून. नवऱ्याने वही बघितली आणि एक रकाना वाढवायला सांगितला, 'आवाज आधी कोणाचा चढला'. या सूचनेबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

तीन आठवडे नोंदी केल्या. एका पानावर धाकट्याने मांजर काढलं, तेवढा एक दिवस गेला. एकूण ३४ नोंदी निघाल्या. 'कशावरून'च्या रकान्यात काही म्हणता काही सूत्र सापडेना. टोपण, उशी, दार आपटलं, 'तो माझ्याकडे बघतोय', मोज्याची शिवण टोचते, दप्तर वाटेत. 'वेळ'च्या रकान्यात मात्र बोट ठेवायचीही गरज नव्हती. ३४ पैकी २३ नोंदी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ या दोन तासांतल्या, आणि सहा सकाळी घराबाहेर पडतानाच्या. उरलेल्या सगळ्या दिवसाला मिळून पाच! म्हणजे माझी मुलं भांडखोर आहेत असं जे मी दहा जणांना सांगत होते, ते दिवसातले दोन तासच खरं होतं.

सासूबाईंना वहीचं काडीचं कौतुक नव्हतं. 'आमच्या वेळी वह्या नव्हत्या, तरी मुलं वाढलीच की.' मी विचारलं, तुमचा मुलगा लहानपणी कधी रडायचा हो? त्यांना आठवायलासुद्धा लागलं नाही. 'रोज दिवे लागले की!' तिन्हीसांजेची किरकिर म्हणतात ती हीच. अगदी तान्ह्या बाळांचं रडणंही साधारण सहाव्या आठवड्यात सर्वात जास्त असतं आणि बहुतेकदा संध्याकाळकडेच जोर धरतं, हे मुलांच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. मला मात्र दोन मुलं वाढवून, तेही वहीत लिहून काढल्यावर दिसलं.

आता वयाचं सांगते. दमलेलं मोठं माणूस पेंगतं, दमलेलं लहान मूल पळतं. आमचा धाकटा झोपेला आला की पलंगावरून उड्या मारतो, काहीही कारण नसताना खिदळतो आणि मग एकदम भोकाड पसरतो. आम्ही याला 'मस्ती चढलीय' म्हणायचो आणि मस्ती उतरवायच्या मागे लागायचो. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली वयानुसार झोपेचे तास दिले आहेत. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वयाला ९ ते १२ आणि १३ ते १८ ला ८ ते १० तास. मी आमचा हिशेब मांडला. धाकटा रात्री सव्वादहाला झोपायचा आणि सव्वासहाला उठायचा, दुपारची झोप कधीच बंद झालेली. म्हणजे आठ तास. कमीतली कमी मर्यादा धरली तरी रोज दोन तासांची तूट, आठवड्याला १४ तास. एक अख्खी रात्र आणि वर थोडी, दर आठवड्याला बुडीत खाती! आणि मी त्याला टोपणावरून संयमाचे धडे देत होते.

थोरलीचं उलटं. तिला रात्री दहा वाजता झोप येत नाही आणि सकाळी सहाला डोळे उघडत नाहीत. मी तिला सरसकट 'आळशी' म्हणायचे. पौगंडावस्थेत मेलाटोनिन हे झोपेची वर्दी देणारं संप्रेरक रात्री उशिरा सुटू लागतं आणि शरीराचं घड्याळ एकदोन तासांनी पुढे सरकतं, हे वाचल्यावर तो शब्द मी घरातून काढून टाकला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस २०१४ मध्येच केली आहे. शाळेची वेळ बदलणं माझ्या हातात नाही. पण 'आळशी' म्हणणं माझ्या हातात होतं, आणि साडेनऊनंतर सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावणंही. 'सगळ्यांचे' हा शब्द थोरलीने घालायला लावला. पहिले चार दिवस सर्वात जास्त चुळबुळ माझीच झाली.

दोन्ही मुलांना एकच नियम, हा तुमच्या लेखातला आणखी एक सल्ला. नियम एक ठेवा हो, पण समजावणं एक कसं ठेवणार? स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा एक प्रयोग आहे, घरी करून बघण्यासारखा. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं, मुलाकडून 'सारखं आहे' असं वदवून घ्यायचं आणि त्याच्यासमोरच एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतायचं. साधारण सातच्या आतली मुलं बहुतेकदा म्हणतात, उंच पेल्यात जास्त. मी धाकट्यावर करून पाहिला. परत ओतलं, पुन्हा सारखं. उंच पेल्यात ओतलं, पुन्हा जास्त. तीन वेळा! थोरली हसून लोळत होती, पण मला जरा वाईटच वाटलं. 'अरे, ताईला आणि तुला सारखंच दिलंय' हे मी त्याला दोन वर्षं रोज पटवत होते आणि तो हट्टी आहे असं समजत होते. त्याला खरोखर तसं दिसत होतं. आता आमच्याकडे दोघांचे पेले एकाच मापाचे आहेत. वाटणीचं काही असलं की एकाने वाटायचं आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. वादात जिंकण्यापेक्षा पेले बदलणं स्वस्त पडलं.

खोटं बोलण्याचंही तसंच. चौथ्या वर्षाच्या सुमारास धाकटा पहिल्यांदा सराईतपणे खोटं बोलला तेव्हा मी दोन रात्री तळमळले होते. पुढे विमर आणि पेर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचनात आला. गोष्टीतला मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुतेक दुसरं कपाट दाखवतात, कारण चॉकलेट तिथे आहे हे त्यांना स्वतःला माहीत असतं. चार-पाचच्या सुमाराला कळू लागतं की मला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसू शकतं. आणि आईला माहीत नाही हे कळल्याशिवाय आईशी धड खोटं बोलताच येत नाही. म्हणून पाठ थोपटावी असं नव्हे. पण तेव्हापासून मी एक सवय सोडली. उत्तर माहीत असताना प्रश्न विचारायचा नाही. फुटलेल्या वस्तूसमोर उभं राहून 'हे कोणी केलं?' म्हणणं म्हणजे मुलाला खोटं बोलायचं आमंत्रणच. 'हे फुटलंय, झाडू आण, सावकाश' एवढंच म्हणते. तेरा वर्षांची मुलगी खोटं बोलते तेव्हा मामला निराळा असतो. तेव्हा ती कशाला घाबरली हे मी शोधते, आणि उत्तर ऐकायला बरं वाटतंच असं नाही.

'एकच भूमिका' या सल्ल्याशीही माझं पटत नाही. आजीपाशी जे चालतं ते आईपाशी चालत नाही, हे मुलांना फार लवकर कळतं आणि त्यांचं त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते आजीने आईला किंवा आईने आजीला त्यांच्यादेखत चुकीचं ठरवलं की. आम्हा दोघींना हे जमायला बरीच वर्षं लागली. त्याच्या तपशिलात जात नाही, हे पत्र सासूबाईही वाचणार आहेत.

आता त्या शेवटच्या रकान्याकडे येते, टाळलं तरी टळत नाही. संध्याकाळच्या २३ नोंदींपैकी १४ वेळा आवाज आधी माझा चढला होता. कामावरून येते, चपला काढते, एका हातात फोन आणि तोंडात तीन प्रश्न: गृहपाठ झाला का, डबा धुतला का, आज काय शिकवलं? मुलांची तूट मी दोन पानांवर काढली, स्वतःची मांडलीच नव्हती. आता घरी आल्यावर पहिली वीस मिनिटं फोन खणात असतो आणि कोणी कोणाला काही विचारत नाही. जेवण गृहपाठाच्या आधी आणलं. धाकट्याचा उरलेला अभ्यास सकाळी दहा मिनिटांत होतो, जो रात्री पाऊण तास चालायचा. त्याला झोपवायचं काम नवऱ्याकडे गेलं आणि दिवा पावणेनऊला मालवला जातो. निदान तसं ठरलं आहे.

आणि माफी मागायला शिकले. 'मी ओरडले, चुकलं माझं.' इथे पूर्णविराम. पूर्वी मी पुढे 'पण तूही' जोडायचे. ते जोडलं की माफी राहत नाही, वसुलीची नोटीस होते.

हे सगळं करून घर शांत झालं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. दोन आठवडे बरे गेले, तिसऱ्यात माझ्या कामाची महिनाअखेर आली आणि सगळं पूर्वपदावर. दुसऱ्या खेपेच्या तीन आठवड्यांत नोंदी कमी भरल्या हे खरं, पण काही मी लिहायच्याच टाळल्या असतील. स्वतःचं खातं स्वतःच तपासलं की असं होतं. आणि एक गोष्ट वहीने होत नाही. नोंदी ठरावीक वेळेला न येता दिवसभर विखुरलेल्या असतील, मूल पोटभर झोपूनही सतत चिडलेलं किंवा गप्प गप्प असेल, शाळेच्या नावानेच घाबरत असेल, तर वही मिटून डॉक्टरांकडे जावं.

तेव्हा माझी विनंती एवढीच. पुरवणीत मुलांविषयी जो लेख छापाल, त्याच्या माथ्यावर तो कोणत्या वयाच्या मुलांसाठी आहे हे ठळक अक्षरांत छापा. जमल्यास दिवसाची वेळही. 'शांतपणे बोला' हे सकाळी अकराला मलाही छान जमतं.

आपली,
एक वाचक, दोन मुलांची आई

ता. क. पत्र थोरलीला वाचायला दिलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे निळं टोपण लाल पेनाला नव्हे, लाल टोपण निळ्या पेनाला लावलं होतं, आणि पेन तिचं वाढदिवसाचं होतं. पत्र छापल्यास ही दुरुस्तीही छापावी असा तिचा आग्रह आहे.