याद्या दोन हव्यात

ती. आई-बाबा,

सा. नमस्कार.

तुमच्याकडून मला एक गोष्ट हवी आहे. फोनवर मागितली की तुम्ही हसण्यावारी नेता, म्हणून लिहून मागते. आजवर पाहिलेल्या सिनेमांपैकी तुमच्या सगळ्यात आवडीचे दहा मला लिहून पाठवा. दोघांनी मिळून एक यादी करू नका. आईची वेगळी आणि बाबांची वेगळी, अशा दोन हव्यात.

आई, तू मागे म्हणालीस, ‘आम्हाला काय, सगळंच आवडतं.’ मला ते पटलेलं नाही. सिनेमा मनाला भिडला नाही की तू मध्येच उठून कामाला लागतेस, आणि भिडला की कुणी हाक मारली तरी ओ देत नाहीस. बाबा, तुमचं उलट. आवडलं की तुम्ही त्या रात्री अवाक्षर काढत नाही आणि दोन दिवसांनी अचानक विचारता, ‘त्या माणसाने शेवटी खरं का सांगितलं नसेल?’ एवढं मला बाहेरून दिसतं. पण घरात काय बघायचं हे ठरायचं तेव्हा सगळ्यांना चालेल असंच काहीतरी लागायचं. त्यामुळे तुमच्या एकेकट्याच्या मनात कोणते सिनेमे घर करून बसलेत हे आजही मला सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत हे विचारायचं राहून गेलं, आणि आता ते राहू द्यायचं नाही असं मी ठरवलंय.

माझी यादी करायला मी बसले तेव्हा वाटलं होतं, तासाभराचं काम आहे. तसं ते निघालं नाही. म्हणून मला जे उमगलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला सोपं जाईल.

पहिली गोष्ट, बिचकू नका. ब्रिटनमधलं ‘साइट अँड साउंड’ हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना प्रत्येकी दहा सिनेमे विचारतं. पहिल्या खेपेला इटलीचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ पहिला आला. तो तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. दहा वर्षांत तो खाली सरकला आणि १९६२ पासून पुढचे पाचही कौल ‘सिटिझन केन’ने घेतले. आता हे कायमचंच, असं लोकांना वाटायला लागलं तोवर २०१२ साली ‘व्हर्टिगो’ वर आला. १९५८ मध्ये लागला तेव्हा त्याचं स्वागत बेताचंच झालं होतं. २०२२ मध्ये सोळाशेहून जास्त जणांनी मतं दिली आणि पहिला आला शांताल आकरमानचा ‘जान दीलमान’. त्यात एका बाईचे तीन दिवस आहेत. ती बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरुणं आवरते आणि कॅमेरा हलत नाही. सिनेमा तीन तासांहून मोठा आहे. आकरमानने तो विशी-पंचविशीत केला. हयातभर सिनेमाच बघत आलेल्या माणसांचं मत इतकं फिरतं, तर तुमच्या यादीला ‘बरोबर की चूक’ असं विचारणारा कोण?

दुसरी गोष्ट, श्रेष्ठ सिनेमा आणि आपला सिनेमा यांची गल्लत होऊ देऊ नका. माझी इथेच सगळ्यात जास्त ओढाताण झाली. ‘सिटिझन केन’मध्ये लहानगा चार्ल्स खिडकीबाहेर बर्फात खेळतोय, आत त्याची आई त्याला दूर पाठवण्याच्या कागदावर सही करतेय, आणि दोन्ही एकाच चौकटीत तितकंच स्पष्ट दिसतं. १९४१ सालच्या माणसांनी हे कसं साधलं याचं मला अपार कौतुक आहे. पण तो पुन्हा लावावा असं मला कधी आतून वाटत नाही. माझ्या यादीत तो नाही, आणि त्याच्या मोठेपणाला त्याने काही बाधा येत नाही.

‘अशी ही बनवाबनवी’ मात्र आहे. १९८८ चा हा सिनेमा आपण किती वेळा पाहिला असेल! विनोदी सिनेमाला यादीत जागा देताना बहुतेकांचा हात आखडतो, जणू रडवणारा तेवढा खरा. मला हे अजिबात मान्य नाही. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन आणि सिद्धार्थ एकाच चौकटीत उभे असतात तेव्हा बोलणाऱ्याकडे बघू नका, गप्प उभा असलेल्याकडे बघा. अशोक सराफ नुसते ऐकत असतात तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर पुढच्या थापेची जुळवाजुळव चाललेली दिसते. दुसऱ्याला वाक्य पुरं करू देऊन नेमक्या क्षणी आपलं टाकणं ही फार अवघड विद्या आहे. संवाद तोंडपाठ असूनही हसू येतं ते त्या वेळेच्या अचूकपणामुळे. तेव्हा बाबा, तुम्हाला हसवणारे सिनेमे लिहायला बिलकूल संकोच करू नका.

गाण्यांचं मात्र जपून. आपल्याकडे कितीतरी सिनेमे केवळ गाण्यांमुळे आवडते वाटतात. गाणं कानावर पडतं, मन भरून येतं, आणि सिनेमा प्रत्यक्षात कसा होता हे आठवतही नसतं. मी स्वतःला विचारत गेले, गाणी बाजूला काढली तर काय उरतं? काही नावं तिथेच गळाली. ‘प्यासा’पाशी मात्र हा प्रश्नच लागू होईना. १९५७ च्या त्या सिनेमात नायक कवी आहे आणि साहिर लुधियानवींचे शब्द हीच त्याची बोली आहे. मेजवानीत पाहुण्यांना पेले देत फिरणारा तो, पुस्तकांच्या शेल्फाला टेकून गायला लागतो आणि समोर त्याची जुनी प्रेयसी नवऱ्यासोबत असते. ते गाणं उचललं तर कथेलाच भोक पडेल. आई, तुझ्या यादीत गाण्यांवरून आलेली नावं बरीच असणार. ती कापू नकोस, फक्त खाली वेगळी लिही. मला ती यादीही हवी आहे.

आणखी एक. माणसाला दहा ते तीस या वयातल्या गोष्टी जास्त ठळक आठवतात, असं स्मरणशक्तीचे अभ्यासक सांगतात. सिनेमाच्या आवडीलाही ते लागू पडतं. त्यामुळे तुमच्या याद्यांत तुमच्या तरुणपणचं काहीतरी येणारच, आणि खरं सांगायचं तर मला तेच बघायचं आहे. मी जन्मायच्या आधी तुम्ही कशाने हेलावत होता? ‘सामना’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा, बाबा, तुम्हाला डॉ. लागूंचा मास्तर जवळचा वाटला की निळूभाऊंचा हिंदूराव? सगळे गप्प असताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहणारा तो थकलेला मास्तर मला वरचेवर आठवतो. पण तुम्ही तो त्या काळात राहून पाहिलात. तुमचं पाहणं वेगळं असणार.

काही सिनेमे आपल्यासोबत वाढतात. माझ्यासाठी तसा एक म्हणजे जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’. कॉलेजात असताना पाहिला तेव्हा मी सगळी स्मिता पाटीलच्या बाजूची होते. बाईने आपलं काम निवडलं, घर मागे ठेवून ती सुधारगृह चालवायला गेली, यात चर्चा करण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. अलीकडे परत पाहिला तर लक्ष घरी राहिलेल्या छोट्या मुलीकडे जायला लागलं, सासूच्या गप्प बसण्याकडे जायला लागलं. सुलभा तितकीच पटते, तिचा निर्णय तितकाच खरा वाटतो, पण आता त्याची किंमत दिसते. शेवटी आगगाडीत बसलेल्या तिच्या चेहऱ्याकडे मी अगदी जवळून बघत राहिले. तिथे ना जिंकल्याचा आनंद आहे, ना हरल्याचं दुःख. आई, तू हा १९८२ मध्ये पाहिला असशील, तर तेव्हा तुला काय वाटलं होतं हे मला सविस्तर हवं आहे. नुसतं ‘छान होता’ असं लिहू नकोस.

आता माझ्या यादीतला पहिला. यासुजिरो ओझूचा ‘टोकियो स्टोरी’, १९५३ चा. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ने दिग्दर्शकांचा वेगळा कौल घेतला, त्यात हा पहिला आला होता. मला ते कळायच्या आधीपासून तो माझ्या मनात पहिला आहे. गोष्ट अगदी साधी. म्हातारे आई-वडील गावाहून मुलांकडे शहरात येतात. मुलं वाईट नाहीत, कामात आहेत. डॉक्टर मुलाला ऐनवेळी रुग्णाकडे जावं लागतं, मुलीला दुकान आहे. मग दोघं भावंडं वर्गणी काढून त्यांना समुद्रकाठच्या एका गावी पाठवतात, तिथे रात्रभर शेजारच्या दंग्याने त्यांना झोप लागत नाही. सकाळी दोघं बांधावर समुद्राकडे तोंड करून बसतात, आता परत जाऊ या म्हणतात. उठताना आईला भोवळ येते. ती म्हणते, काही नाही, झोप झाली नाही. बस. संगीत चढत नाही, कॅमेरा पुढे धावत नाही. तो जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, जागचा न हलता सगळं पाहत राहतो.

वडिलांचं काम करणारा चिशू र्‍यू तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता. त्याची बसण्याची ढब, मान हलवत ‘हो, हो’ म्हणण्याची लकब पाहून हे खरं वाटत नाही.

मला सगळ्यात लागलेला प्रसंग नंतरचा आहे. आई वारल्यावर, सगळं आटोपून जेवताना मोठी मुलगी सहज म्हणते, आईचा तो अमुक कमरपट्टा मला हवा होता. तिच्या डोळ्यांतलं पाणी मघाशी खरं होतं आणि हे मागणंही खरं आहे. ओझू तिला खलनायिका करत नाही. मी तिच्याकडे बघते तेव्हा मला तिचा राग येत नाही, ती ओळखीची वाटते. दूर राहणाऱ्या कुठल्याही लेकीला वाटेल. सगळ्यात जास्त माया लावते ती विधवा सून, जिचं खरं तर आता या घराशी नातं सुटलेलं आहे. सासरा तिला आपल्या बायकोचं घड्याळ देतो. हा सिनेमा पाहिला की मी तुम्हाला फोन करते. तुम्ही विचारता, काय गं, काही विशेष? मी काही नाही म्हणते. विशेष हे असतं.

‘पथेर पांचाली’बद्दल तुम्हाला मी काय सांगणार! पण दोन गोष्टी सांगायच्याच आहेत. काशाच्या फुलांतून दुर्गा आणि अपू आगगाडी बघायला जातात, त्या प्रसंगाचं थोडं चित्रीकरण झालं आणि सत्यजित राय आठवड्याने परत गेले तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली. मग पुढच्या मोसमाची वाट बघावी लागली. पैसे नाहीत, कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी त्याआधी सिनेमा चित्रित केलेला नाही, आणि तरी हे लोक फुलांसाठी थांबले. दुसरी गोष्ट कानांची. लेक दुर्गा गेल्याचं ठाऊक नसलेला हरिहर खूप दिवसांनी घरी येतो, आणलेल्या वस्तू एकेक दाखवतो आणि दुर्गेसाठी आणलेली साडी बायकोपुढे धरतो. सर्वजया कोसळते, पण तिचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा एक उंच, चिरत जाणारा स्वर येतो. तुम्ही पाहिलेली प्रत ओरखड्यांची आणि खरखरत्या आवाजाची असणार. मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळली. नंतर तिचे वाचलेले तुकडे तज्ज्ञांनी हाताने जुळवून, दुरुस्त करून २०१५ मध्ये नवी प्रत तयार केली. ती इतकी स्वच्छ आहे की तळ्यावर चालणारे किडेही स्पष्ट दिसतात. ती मी तुम्हाला लावून देणार आहे.

बाकी माझ्या यादीत काय आहे ते आत्ता सांगत नाही, नाहीतर बाबा माझ्याकडे बघून लिहितील.

लिहायची पद्धत अशी ठेवा. कुठेही न शोधता, आठवतील तशी नावं आधी कागदावर उतरवा, पंधरा-वीस झाली तरी चालतील. मग तो कागद काही दिवस बाजूला ठेवा. परत घ्याल तेव्हा प्रत्येक नावापुढे एकच प्रसंग लिहा, जो डोळे मिटून दिसतो. ज्या नावापुढे काहीच सुचणार नाही ते बहुधा ऐकीव मोठेपणामुळे आलेलं असेल, त्यावर काट मारा. क्रम लावायची गरज नाही. आणि हो, एकमेकांना विचारू नका. आई, बाबांनी ‘अगं, तो कुठे एवढा चांगला होता’ असं म्हटलं तरी तू तुझं नाव खोडू नकोस.

‘टोकियो स्टोरी’ मी तुमच्या टीव्हीवर शोधून ठेवते. खालची अक्षरं मोठी करता येतात, तेही करून देते, बाबांना चष्मा सारखा वर-खाली करावा लागणार नाही. सिनेमा १३६ मिनिटांचा आहे आणि सुरुवातीला फारच संथ वाटेल. पाठ दुखली तर मध्येच थांबवा, दोन दिवसांत पाहिलात तरी हरकत नाही.

तुमची लाडकी लेक