माझ्याकडे सोडलेले मेल आपल्या दारात अडवले गेल्याबाबत तक्रार पत्र

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ईमेल सेवा विभाग

विषय : कामाच्या खात्यात येणारे फसवे मेल, स्पॅममध्ये गाडले जाणारे खरे मेल आणि त्याविषयीची तक्रारच नाकारली गेल्याबाबत.

महोदय,

मी आपल्या सशुल्क ईमेल सेवेची सहा वर्षांपासूनची ग्राहक असून भाषांतर आणि मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय आहे. ईमेलविषयीची तक्रार कागदावर लिहून टपालाने पाठवण्याची वेळ माझ्यावर का आली, हे आधी सांगते. गेल्या महिन्यात माझ्या इनबॉक्समध्ये आलेले बारा उघडउघड फसवे मेल मूळ स्वरूपात जोडून मी आपल्या तक्रार विभागाच्या पत्त्यावर पाठवले होते. चार मिनिटांत ते परत आले, कारण संदेशात घातक मजकूर आढळल्यामुळे तो स्वीकारता येत नाही, असे आपल्या सर्व्हरचे म्हणणे होते. म्हणजे जे मेल आपल्या यंत्रणेने माझ्यापर्यंत बिनदिक्कत पोहोचवले, तेच आपल्या उंबरठ्याशी येताच तिने क्षणात ओळखले. असे मेल ओळखता येत नाहीत, ही सबब आता आपल्याला सांगता येणार नाही.

त्या बारा मेलांपैकी तीन एकाच दिवंगत मंत्र्याच्या तीन निरनिराळ्या पत्नींचे आहेत. त्याची बँकेत अडकलेली रक्कम सोडवण्यासाठी तिघींनीही जगभरातून माझीच निवड केली आहे, आणि तिघींच्या इंग्रजीतील चुका अक्षरशः सारख्या असल्याने मुद्रितशोधक या नात्याने मला त्यांच्यातील सलोख्याचे कौतुक वाटले. न घेतलेल्या अँटीव्हायरसचे बिल दोनदा आले असून पैसे परत हवे असल्यास फोन कुठे करायचा, तो क्रमांक त्यात ठळक छापला आहे. माझी वेबसाइट पाहून प्रभावित झालेले चार गृहस्थ ती गूगलच्या पहिल्या पानावर आणून देण्यास उत्सुक आहेत. ती वेबसाइट मलाही एकदा पाहायला आवडेल, कारण मी अजून ती तयार केलेली नाही.

दहावा मेल धमकीचा आहे. माझ्या संगणकाच्या कॅमेऱ्यातून माझे चित्रण केल्याचे सांगून त्यात बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली आहे. माझ्या टेबलावरच्या जुन्या संगणकाला कॅमेराच नसल्यामुळे माझी झोप उडाली नाही. परंतु हा मेल माझ्याच पत्त्यावरून मला आलेला दिसत होता, आणि माझा मुख्य आक्षेप येथे आहे. ईमेल पाठवण्याचे मूळ नियम १९८२ साली ठरले तेव्हा प्रेषक म्हणून लिहिलेला पत्ता खरा आहे का, हे तपासण्याची सोय त्यांत नव्हती, हे मला ठाऊक आहे. मात्र त्यानंतर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पडताळण्या आल्या. एखाद्या डोमेनच्या, म्हणजे ईमेल पत्त्यातील @ नंतरच्या भागाच्या, नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे, मेलवरची डिजिटल सही जुळते का आणि पडताळणी फसल्यास त्या मेलचे काय करावे, हे त्यांच्या आधारे ठरवता येते. माझा पत्ता तर आपल्याच डोमेनवरचा आहे, त्यामुळे तो मेल आपल्या सर्व्हरवरून निघाला की नाही, हे आपल्याइतके खात्रीने दुसरे कोणीही सांगू शकत नाही. मी त्या मेलचे हेडर, म्हणजे त्याच्या प्रवासाचा तांत्रिक तपशील, उघडून पाहिले असता तिन्ही पडताळण्या अयशस्वी झाल्याची नोंद आपल्याच यंत्रणेने त्यात केलेली आढळली. नोंद करून झाल्यावर तिने तो मेल इनबॉक्समध्ये ठेवून दिला.

उरलेले दोन मेल आपल्या कंपनीच्या नावाने आले आहेत. मेलबॉक्स भरत आला असून चोवीस तासांत पासवर्डची खात्री न केल्यास खाते बंद होईल, असे त्यांत म्हटले आहे, आणि पत्त्यात इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' व 'एन' ही अक्षरे शेजारीशेजारी बसवली आहेत. हे मी ओळखले, कारण अक्षरे तपासणे हेच माझे काम आहे. पुढच्याच आठवड्यात आपला खरा मेल आला. त्यातही मायना 'प्रिय ग्राहक' असाच होता, मेलबॉक्स भरत आल्याचेच सांगितले होते, खाली तसेच मोठे निळे बटण होते आणि त्यामागची लिंक आपल्या डोमेनची नसून कोणा तिसऱ्याच जाहिरात कंपनीची होती. मी तो खोटा समजून पुसून टाकला. त्यानंतर दोन दिवस मला येणारा प्रत्येक मेल परत जात राहिला.

आपल्या फोनवरील प्रतिनिधीने असे मेल हसून सोडून द्यावेत, असे मला सुचवले. परंतु हा वेडगळपणा निष्पाप नसतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली दाखवून दिले की, कथा जितकी अविश्वसनीय, तितके शहाणे लोक सुरुवातीलाच गळतात आणि फसवणाऱ्याचा वेळ फक्त फसण्याजोग्या माणसांवर खर्च होतो. मला हसू येते, याचा अर्थ तो मेल माझ्यासाठी नव्हताच. ज्याच्यासाठी होता, त्याच्याकडेही तो आपणच पोहोचवला असेल.

अनोळखी व्यक्तींचे मेल उघडू नयेत, हा आपल्या प्रतिनिधीचा दुसरा सल्ला होता. अनोळखी व्यक्तीने जोडपत्रासह लिहिलेला मेल म्हणजेच माझे नवे काम असते. तसा एक मेल, ज्याच्या विषयाच्या ओळीत फक्त 'मसुदा' एवढेच लिहिले होते, आपल्या गाळणीने स्पॅममध्ये टाकला आणि अकरा दिवसांनी मला तो तिन्ही विधवांच्या पुढच्या पत्रांखाली सापडला. तोवर त्या गृहस्थांनी स्मरणपत्र पाठवून (तेही स्पॅममध्येच होते) काम दुसऱ्याकडे दिले होते. तीस दिवसांनी स्पॅम आपोआप नष्ट होत असल्यामुळे याआधी असे किती मेल गेले, याचा हिशेब मला आता लावता येणार नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. फसव्या मेलची मूळ प्रत जोडून केलेली तक्रार स्वीकारणारा एक तरी पत्ता आपण चालू ठेवावा. आपल्याच डोमेनच्या नावाने येणारा जो मेल तिन्ही पडताळण्यांत फसतो, तो इनबॉक्सपर्यंत येऊ देऊ नये. आपल्या सूचनांमध्ये लिंक देण्याऐवजी ग्राहकाने स्वतः खात्यात जाऊन पाहावे, असे लिहावे. अडवलेल्या मेलांची यादी मला रोज मिळावी आणि मी पाहिल्याशिवाय त्यांतील काहीही नष्ट होऊ नये.

सोबत बारा मेलांच्या हेडरसह छापील प्रती आणि माझी तक्रार नाकारणाऱ्या आपल्या सूचनेची प्रत जोडली आहे. उत्तर टपालाने पाठवावे. ईमेलनेच पाठवणे भाग असल्यास त्यात माझे पूर्ण नाव आणि या पत्राची तारीख लिहावी, कारण 'प्रिय ग्राहक' या मायन्याचे मेल मी आता वाचत नाही.

आपली विश्वासू,
एक वर्गणीदार ग्राहक